फौजदारी केससाठी स्थानिक वकील कसा शोधावा आणि तारखांवर स्वतः नजर कशी ठेवावी

घरातल्या माणसाला पोलिसांनी नेले की पहिले काही तास फोनाफोनीत जातात. कुणाचा मेहुणा मुंबईत मोठ्या वकिलाकडे ज्युनिअर असतो, तर कुणाची आमदारांच्या पीएशी ओळख असते. त्या गडबडीत कलम कोणते लागले आणि उद्या कोणत्या कोर्टात उभे करणार, हे साधे प्रश्न विचारायचे राहून जातात. हा लेख त्या घरांसाठी आहे. आरोपीच्या घरासाठी जितका, तितकाच फिर्यादीच्या आणि पीडिताच्या घरासाठीही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ज्या कोर्टात केस चालणार आहे, त्या कोर्टात रोज उभा राहणारा वकील घ्या. आणि केसमध्ये काय झाले हे वकिलाच्या फोनवर न सोडता रोजनाम्यातून, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कोर्टाच्या नोंदीतून, स्वतः वाचा. या दोन गोष्टी पाळल्या की निम्मी फरफट वाचते. लेखातले तपशील महाराष्ट्रातल्या कोर्टांचे आहेत.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाले. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी भारतीय दंड संहिताच लागू होते. म्हणून एकाच कोर्टात एका केसवर ४२० आणि दुसरीवर ३१८ दिसेल. दोन्ही फसवणुकीचीच कलमे आहेत, गोंधळू नका.

आधी कोर्ट ठरवा, मग वकील

प्रत्येक पोलीस ठाणे एका ठरावीक न्यायदंडाधिकारी कोर्टाला जोडलेले असते. ठाण्यात गेल्यावर तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष, लावलेली कलमे, आणि तपासी अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा. मग विचारा, "रिमांडला कोणत्या कोर्टात नेणार?" हे उत्तर मिळेपर्यंत कोणत्याही वकिलाला पैसे देऊ नका.

कोर्टाची पायरी कलमावरून ठरते. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंतची शिक्षा देऊ शकतात, मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंतची. खून, खुनाचा प्रयत्न, बलात्कार यांसारखे गुन्हे सत्र न्यायालयात चालतात. पोक्सो (मुलांवरचे लैंगिक गुन्हे), अॅट्रॉसिटी (अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार), मोक्का (संघटित गुन्हेगारी), एनडीपीएस (अमली पदार्थ) या कायद्यांसाठी विशेष न्यायालये आहेत. सत्र न्यायालय म्हणजे जिल्ह्याचेच ठिकाण असेही नाही. पुणे जिल्ह्यात बारामतीला आणि राजगुरुनगरलाही अतिरिक्त सत्र न्यायालय आहे. तिथल्या केससाठी पुण्यातल्या शिवाजीनगर कोर्टातला वकील घेतला, तर प्रत्येक तारखेला त्याचा अर्धा दिवस प्रवासात जाईल आणि त्याचा भार तुमच्या फीवर पडेल. मुंबईतही सत्र न्यायालय काळाघोड्याला आहे तसेच दिंडोशीला आहे, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची कोर्टे किल्ला कोर्टापासून अंधेरी, वांद्रे, कुर्ल्यापर्यंत पसरलेली आहेत.

उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर वकील वेगळा लागतो. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा इथे मुंबई उच्च न्यायालय बसते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले आणि कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तिकडे गेली. या जिल्ह्यांतल्या लोकांना उच्च न्यायालयातला जामीन अर्ज आता मुंबईला न्यावा लागत नाही.

अटक झाली असेल तर पहिले चोवीस तास

इथे वेळ फार महत्त्वाचा, म्हणून हा भाग नीट वाचा. अटकेपासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावेच लागते. रविवार असला, दिवाळी असली तरी. सुट्टीच्या दिवशी सुट्टीचे कोर्ट बसते. अटक का केली याची कारणे आरोपीला सांगावी लागतात आणि त्याच्या नातेवाइकाला कळवावे लागते. कारणे न सांगता केलेली अटक बेकायदा ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये विहान कुमार प्रकरणात स्पष्ट सांगितले. त्यामुळे वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा: अटकेची कारणे दिली का, केव्हा आणि कशी?

चौकशी चालू असताना आपल्या वकिलाला भेटायचा हक्क आरोपीला आहे. वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही.

रिमांडच्या दिवशी पोलीस पोलीस कोठडी मागतात, त्यालाच पीसीआर म्हणतात. कोर्टाने ती दिली नाही किंवा संपली की न्यायालयीन कोठडी, म्हणजे एमसीआर. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. नव्या कायद्यात मात्र हे पंधरा दिवस सलग असावे लागत नाहीत. गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ते तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. त्यामुळे "एमसीआर झाली, आता परत पोलिसांकडे जाणार नाही" असे धरून चालू नका.

पहिल्या रिमांडची तारीख घरातल्या कॅलेंडरवर ठळक लिहा. त्या दिवसापासून, तो दिवस धरून, ६० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे अथवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ही मुदत ९० दिवसांची आहे. मोक्का, यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) अशा कायद्यांत कोर्टाच्या परवानगीने ती १८० दिवसांपर्यंत वाढते. हा हक्क आपोआप पदरात पडत नाही. मुदत संपल्यावर आणि दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज करावा लागतो. एका दिवसाच्या हलगर्जीने हा हक्क जातो आणि माणूस पुढे महिनोन्‌महिने आत राहतो. ५८व्या किंवा ८८व्या दिवशी वकिलाला स्वतः फोन करा.

अटक अजून झाली नसेल आणि पोलिसांची हजर राहण्याची नोटीस आली असेल, तर ती फेकून देऊ नका. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला सहसा अटक करता येत नाही. करायची तर कारण लिहून ठेवावे लागते. नोटीस घेऊन आधी वकिलाकडे जा. अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचा का, हे तो कलमे पाहून सांगेल. अॅट्रॉसिटी कायद्याखाली अटकपूर्व जामिनाला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे तिथे वाट वेगळी असते.

वकिलांची नावे कुठून मिळवायची

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे. म्हणून इंटरनेटवर "बेस्ट क्रिमिनल लॉयर" शोधून जे वर येते, त्यावर भरवसा ठेवू नका. माझ्या मते सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे ते कोर्टच. सकाळी साडेदहा-अकराला जाऊन मागच्या बाकावर दोन तास बसा. खुल्या कोर्टात बसायला कुणाची परवानगी लागत नाही. पुकारा झाल्यावर कोणता वकील फाईल वाचून उभा राहतो आणि कोणता नुसतीच तारीख मागतो, हे कायदा न शिकलेल्या माणसालाही दिसते. उलटतपास चालू असेल तर तो जरूर ऐका. फौजदारी वकिलाची कसोटी तिथेच लागते.

दुसरी वाट घरबसल्या करता येण्याजोगी आहे. ई-कोर्ट्स सर्व्हिसेसच्या संकेतस्थळावर त्या सत्र न्यायालयाचे आदेश तारखेनुसार पाहता येतात. मागच्या दोन-तीन महिन्यांतले जामीन अर्जांवरचे आदेश उघडा. आदेशावर दोन्ही बाजूंच्या वकिलांची नावे असतात आणि कोणता मुद्दा मांडला, कोर्टाने का मानला किंवा नाकारला, तेही असते. तुमच्या केससारखी कलमे असलेले पाच-सहा आदेश वाचले की दोन-तीन नावे पुन्हापुन्हा दिसू लागतात. त्याच संकेतस्थळावर वकिलाच्या नावानेही शोध घेता येतो. त्याच्या किती केस चालू आहेत, किती फौजदारी आणि किती दिवाणी, हे कळते. नावाचे स्पेलिंग वेगवेगळे नोंदलेले असते, म्हणून दोन-तीन तऱ्हांनी शोधा.

तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या बाररूममध्ये वकील संघाचे पदाधिकारी भेटतात, त्यांनाही विचारता येते. गावातला जमिनीच्या केस चालवणारा ओळखीचा वकील असेल तर त्याचा सल्ला घ्या, पण सत्र खटल्याचे वकीलपत्र त्यालाच देणे बरोबर होईलच असे नाही. कोर्टाच्या फाटकापाशी किंवा पोलीस ठाण्याच्या बाहेर भेटून "मी करून देतो" म्हणणारा माणूस दलाल असतो. त्याच्याशी बोलूच नका.

नाव ठरले की सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, तपासा. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने दिलेला सनद क्रमांक प्रत्येक वकिलाला असतो, तो वकीलपत्रावरही लिहिलेला असतो. विचारण्यात काही अपमान नाही, चांगला वकील तो लगेच सांगतो.

पहिली भेट आणि फीचे बोलणे

भेटीला जाताना एफआयआरची प्रत, आलेल्या नोटिसा, रिमांडचे कागद असतील ते, आणि घटनाक्रम तारीखवार लिहिलेला एक कागद न्या. एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे ती चोवीस तासांत अपलोड करायची असते. लैंगिक गुन्हे, पोक्सो आणि दहशतवादाशी संबंधित संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली आहेत.

वकिलापासून काही लपवू नका. तुम्ही त्याला सांगितलेले गुपित ठेवणे त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. तुम्ही दडवलेली गोष्ट सरकारी वकिलाच्या तोंडून त्याला पहिल्यांदा कळली, तर तिथे त्याला काही करता येत नाही.

मग विचारा: या कोर्टात अशा कलमाखालची केस तुम्ही शेवटपर्यंत चालवली आहे का? तारखेला स्वतः येणार की ज्युनिअर? जामीन नाकारला गेला तर पुढची पायरी कोणती, आणि तिथे तुम्हीच जाणार का? उत्तरांत अडचणी, धोके, "हे सांगता येत नाही" असे शब्द आले तर तो माणूस प्रामाणिक आहे असे मी समजतो. "शंभर टक्के जामीन करून देतो" ही खात्री कुणीच देऊ शकत नाही. "साहेबांशी बोलणे झाले आहे, एवढे द्यावे लागतील" असे कुणी म्हणाले तर तिथून उठा. न्यायाधीश किंवा पोलीस यांच्या नावावर पैसे मागितले गेले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे.

फी कशाकशाची, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. काही वकील पूर्ण केसची एकरकमी फी घेतात, काही टप्प्यांनी: रिमांड आणि जामीन एक, दोषारोप निश्चितीपर्यंत दुसरा, साक्षीपुरावा तिसरा, अंतिम युक्तिवाद चौथा. तालुक्याच्या ठिकाणी तारखेवारी पैसे घेण्याचीही पद्धत आहे. मला टप्प्यांची पद्धत दोघांच्याही हिताची वाटते, कारण वकिलाला काम झाल्याचे पैसे मिळतात आणि तुम्हाला कुठवर आलो ते कळते. टायपिंग, स्टॅम्प, नकला, प्रवास वेगळे की फीमध्येच, हेही विचारा. पैसे यूपीआयने किंवा चेकने द्या, रोख दिले तर पावती घ्या. केस जिंकल्यावर रकमेतला हिस्सा अशी फी ठरवणे वकिलांना नियमाने मना आहे.

वकीलपत्र वाचून सही करा आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढा. कोऱ्या कागदावर सही करू नका, मग कारण काहीही सांगितलेले असो.

पैसे नसतील तर

मोफत वकील हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. म्हणजे तुरुंगात असलेला कोणताही माणूस, तो कुणीही असो, पात्र आहे.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे. आरोपींच्या बचावासाठी आता बऱ्याच जिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालय आहे. तिथले वकील फक्त फौजदारी बचावाचेच काम करतात. पीडितासाठी पॅनेलवरचा वकील नेमला जातो. सरकारी म्हणजे दुय्यम, ही समजूत काढून टाका. रोज त्याच कोर्टात दहा-बारा रिमांड हाताळणाऱ्या वकिलाला त्या कोर्टाची पद्धत चांगली माहीत असते. मिळालेला वकील लक्ष देत नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी अर्ज करून बदलून मागता येतो.

तुम्ही फिर्यादी किंवा पीडित असाल तर

फौजदारी खटला सरकार चालवते, म्हणून तुमची बाजू कोर्टात सरकारी वकील मांडतात. त्यासाठी पैसे लागत नाहीत. खासगी वकील नेमता येतो, पण तो सरकारी वकिलांच्या सूचनेनुसार काम करतो आणि पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो. खासगी वकिलाचा खरा उपयोग मला तीन ठिकाणी दिसतो: आरोपीच्या जामिनाला विरोध करताना, तपास नीट होत नसेल तेव्हा, आणि पोलिसांनी समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवली तेव्हा. पीडिताला कार्यवाहीच्या प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडायचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये लखीमपूर खिरीच्या प्रकरणात सांगितले. अॅट्रॉसिटीच्या केसमध्ये तर पीडिताला कळवल्याशिवाय जामिनावर सुनावणीच करता येत नाही.

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे किंवा पोलीस आयुक्तांकडे लेखी पाठवा, पोच ठेवा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हद्दीचा वाद घातला गेला तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायला सांगा. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते आणि तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

महाराष्ट्रात तपास बंद करताना पोलीस अ, ब किंवा क समरी पाठवतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर अ, तक्रार खोटी आणि खोडसाळ असेल तर ब, गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तर क. समरी मंजूर करण्याआधी कोर्टाने फिर्यादीला नोटीस देऊन ऐकून घ्यावे लागते. ती नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि घर बंद होते म्हणून परत आली, तर तुमच्या पाठीमागे केस संपू शकते. म्हणून पत्ता आणि मोबाईल नंबर बदलला की तपासी अधिकाऱ्याला लेखी कळवा. समरीवर हरकत अर्ज देता येतो.

धमक्या येत असतील तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ही योजना देशभर लागू केली. बलात्कार, पोक्सो आणि अॅसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो.

केस ऑनलाइन शोधणे

ई-कोर्ट्स सर्व्हिसेसचे संकेतस्थळ आणि त्याच नावाचे मोबाईल अॅप, दोन्ही मोफत आहेत. राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल निवडा. मग "केस स्टेटस"मध्ये एफआयआर क्रमांकाने शोधा: पोलीस ठाणे, क्रमांक, वर्ष. पक्षकाराच्या नावानेही शोधता येते, पण नाव इंग्रजीत कसे नोंदले आहे यावर सगळे अवलंबून असते.

केस सापडली की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक लिहून ठेवा. त्याची सुरुवात एमएच या अक्षरांनी होते, पुढे जिल्हा आणि न्यायालयाचा संकेत, शेवटी वर्ष. तो क्रमांक अॅपमध्ये टाकून केस "माय केसेस"मध्ये जतन केली की पुढची तारीख एका बोटावर दिसते. परदेशात असलेल्या मुलालाही ती तशीच दिसते. गावाकडच्या वडिलांची केस पुणे किंवा दुबईहून पाहायला त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही.

एक गोष्ट लोकांना चक्रावून टाकते. एकाच गुन्ह्याचे अनेक क्रमांक असतात. जामीन अर्जाला वेगळा क्रमांक आणि वेगळा सीएनआर. दोषारोपपत्र दाखल झाले की न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आरसीसी (नियमित फौजदारी खटला) क्रमांक पडतो. केस सत्र न्यायालयाकडे वर्ग झाली की तिथे नवा सत्र खटला क्रमांक आणि नवा सीएनआर. जुन्या क्रमांकावर "डिस्पोज्ड" दिसले म्हणून केस संपली असे समजू नका. ती वर गेलेली असते. वहीच्या पहिल्या पानावर हे सगळे क्रमांक एकाखाली एक लिहा.

रोजनामा वाचायला शिका

प्रत्येक तारखेला कोर्टात काय घडले, याची नोंद म्हणजे रोजनामा. ऑनलाइन केसच्या इतिहासात तारखेवर बोट ठेवले की त्या दिवसाचे कामकाज उघडते. दोन-चार ओळीच असतात, पण त्यात सगळे असते. कोण हजर होते, कुणी मुदत मागितली, ती कोणी मंजूर केली आणि पुढची तारीख कशासाठी दिली.

"न्यायाधीश रजेवर" असेल तर दोष कुणाचाच नाही. "साक्षीदार हजर, आरोपीच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज" असे दिसले तर तुमच्या वकिलाला कारण विचारायला हवे, कारण पोटापाण्याचे काम सोडून आलेला साक्षीदार त्या दिवशी परत गेला. "अनरेडी" असा टप्पा दिसला तर आरोपी हजर नाही किंवा समन्स बजावले गेलेले नाही, म्हणून केस पुढे सरकत नाही असा अर्थ घ्या. "एनबीडब्ल्यू" म्हणजे अजामीनपात्र वॉरंट. हे स्वतःच्या नावापुढे दिसले तर त्याच दिवशी वकिलाला घेऊन कोर्टात जा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. पोलीस दारात येईपर्यंत थांबू नका.

खटल्याचा क्रम ठरलेला असतो. दोषारोपपत्राच्या प्रती आरोपीला मोफत मिळतात, मग दोषारोप निश्चिती, आरोपीला "गुन्हा कबूल आहे का" असे विचारणे, मग सरकारी साक्षीदारांचा सरतपास (सरकारी वकिलांचे प्रश्न) आणि उलटतपास (आरोपीच्या वकिलाचे प्रश्न), मग आरोपीचा जबाब, बचावाचे साक्षीदार असतील तर ते, युक्तिवाद, निकाल. यातला सगळ्यात लांब टप्पा साक्षीपुराव्याचा. अनेक केस वर्षानुवर्षे तिथेच अडकतात. साक्षीदार फितूर होतो, पंचनाम्यावर सही केलेले पंच सापडत नाहीत, तपासी अधिकाऱ्याची बदली होते. पाठपुरावा खरा इथे करायचा असतो. वहीत साक्षीदारांची यादी करा, दोषारोपपत्रात ती असते, आणि कोणाची साक्ष कोणत्या तारखेला झाली ते लिहा. प्रत्येक साक्षीची नक्कल घ्या. पुढच्या साक्षीदाराच्या उलटतपासाला ती लागते.

नकलेसाठी नक्कल विभागात अर्ज करावा लागतो. तातडीची नक्कल जास्त शुल्क भरून लवकर मिळते.

तारखेला जाताना

जामिनावरच्या आरोपीने तारीख चुकवू नये. आजारपण किंवा परीक्षा असेल तर हजेरी माफीचा अर्ज आधी वकिलामार्फत द्यावा, कागद जोडावेत. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या केसच्या यादीत, आपला क्रमांक पाहा आणि पुकारा होईपर्यंत जवळपास थांबा. मोबाईल बंद ठेवा. कोर्टात रेकॉर्डिंग किंवा फोटो काढू नका. समोरच्या पक्षाशी, साक्षीदारांशी आवारात बोलू नका. साध्या विचारपूशीचाही "धमकावले" असा अर्ज होऊ शकतो आणि जामीन धोक्यात येतो.

साक्ष द्यायला जाणाऱ्याने आदल्या दिवशी किंवा सकाळी सरकारी वकिलांना भेटून आपला पोलिसांपुढचा जबाब वाचावा. न आठवणाऱ्या गोष्टीला "आठवत नाही" म्हणावे. भरीस भर घालून सांगितलेली एखादी गोष्ट उलटतपासात अख्खी साक्ष पाडते. कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे, त्यामुळे साक्ष मराठीत देता येते आणि सही करण्याआधी ती वाचून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे.

जप्त झालेली गाडी, मोबाईल, दागिने वर्षानुवर्षे ठाण्याच्या आवारात सडू देऊ नका. सुपूर्तनाम्यावर (मागितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर) मुद्देमाल परत मिळण्यासाठी अर्ज करता येतो.

जामीन मंजूर झाला, पण माणूस बाहेर आला नाही

हे फार घरांत घडते. जामीन मंजूर म्हणजे जामीनदार द्यावा लागतो. जामीनदाराचे ओळखपत्र, रेशनकार्ड, सातबारा किंवा घरपट्टीची पावती अशी कागदपत्रे निकालाआधीच गोळा करून ठेवा. कोर्टाने कागद तपासले की सुटकेचा आदेश तुरुंगात जातो. तो संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेनंतर पोचला तर सुटका दुसऱ्या दिवसावर जाते.

जामीनदारच मिळत नसेल तर निराश होऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितले आहे की जामीन मिळूनही महिनाभरात बंधपत्र भरता आले नाही, तर कोर्टाने अटी सैल करता येतील का हे स्वतःहून पाहावे. अट बदलण्याचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणामार्फतही करता येतो. आणखी एक तरतूद पुष्कळांना माहीत नाही. याआधी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या (खटला अजून चालू असलेल्या) कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ, इतरांनी निम्मा काळ आत काढला असेल तर नव्या कायद्यात त्यांची जामिनावर सुटका करायची आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक केस प्रलंबित असलेले कैदी याला अपवाद आहेत.

दुसऱ्या कुणाची केस पाहायची असेल तर

गावातल्या एखाद्या खटल्यावर लोकांनी नजर ठेवली तर मला ते चांगलेच वाटते. खुले कोर्ट त्यासाठीच आहे. मात्र बलात्काराचे आणि पोक्सोचे खटले बंद दाराआड चालतात, आणि पीडितेची ओळख पटेल असे काहीही छापणे किंवा व्हॉट्सअॅपवर फिरवणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. नुसते नाव गाळून भागत नाही, गाव-शाळा-नाते सांगितले तरी ओळख पटते. खटल्याचे कागद त्रयस्थाला हवे असतील तर कारण देऊन कोर्टाकडे अर्ज करावा लागतो.

वकील बदलायचा असेल तर

सलग तारखांना वकील हजर नसल्याचे रोजनाम्यात दिसले, फोन उचलत नाही, विचारल्यावर चिडतो, तर आधी एकदा समोर बसून बोला. तरी फरक पडला नाही तर बदला. साक्षीच्या मधोमध बदलणे मात्र शक्यतो टाळा. नवा वकील आधीच्या वकिलाची ना हरकत मागतो. फी थकली म्हणून जुना वकील तुमची फाईल अडवून ठेवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच ठरवून दिले आहे. वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे होते. ग्राहक मंचात जाता येत नाही, कारण वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात मोडत नाही, असे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

निकाल आणि त्यानंतरचे दिवस

निकालाच्या दिवशी आरोपीने जामीनदारासह तयारीनिशी जावे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपील करण्यासाठी तेच कोर्ट शिक्षा स्थगित करून काही काळ जामिनावर सोडू शकते. तो अर्ज वकिलाने आधीच टाईप करून ठेवलेला असावा. दोषी ठरलेल्याला निकालाची प्रत मोफत मिळते.

न्यायदंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात अपिलाची मुदत तीस दिवस, सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात साठ दिवस. फाशीच्या शिक्षेत मात्र तीसच. प्रमाणित नक्कल मिळायला लागलेला काळ यातून वगळला जातो, म्हणून नक्कल अर्जाची आणि ती तयार झाल्याची तारीख नकलेवरच पाहून ठेवा. आरोपी सुटला तर पीडितालाही स्वतः अपील करता येते. सरकार अपिलात जाते की नाही याची वाट पाहत बसू नका. निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या आणि सरकारी वकिलांना भेटून त्यांचे मत लेखी मागा.